उचंत खाते

भाच्याचा पहिला प्रश्न हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेविषयी नव्हताच. तो होता, "आत्या, हे बसतच नाहीये."

रविवार सकाळ, इंदूरचं लोकमान्यनगर, पोहे नुकते संपलेले. टेबलावर जीरावनाची बाटली, शेवेचा डबा आणि त्यांच्या मधोमध त्याचा लॅपटॉप. हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुदामानगरला राहतो, आणि या सत्रात फंक्शनल प्रोग्रामिंग हा विषय त्याने स्वतःहून घेतलाय. घेतला तेव्हा मला सांगितलं नाही. अडला तेव्हा आला. आमच्या घराण्याची रीतच आहे ती.

माझं पोट गेली अकरा वर्षं हॅस्केलवर चालतं. बाहेरच्या एका कंपनीसाठी घरी बसून पैशांच्या व्यवहारांचा मेळ घालणारे प्रोग्राम लिहिते. कॉलनीत कोणी विचारलं तर "आयटीत आहे" एवढं पुरतं. पण नव्या माणसाचे प्रश्न ऐकायला मला मनापासून आवडतं, कारण ते कधीच पुस्तकातले नसतात. पुस्तक सुरू होतं लॅम्डापासून, आणि माणूस अडलेला असतो त्याच्याही आधी, उंबऱ्यातच.

त्याच्या मशीनवर तीन कंपायलर निघाले, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा जीएचसी तीनदा. एक उबंटूच्या भांडारातून आलेला, जुना. दुसरा स्टॅकने आपल्यापुरता आणलेला. तिसरा जीएचसीअप या इन्स्टॉलरने. तीन वेगवेगळे लेख वाचून तीन रात्रींत केलेला उद्योग. वर एडिटरमध्ये सगळीकडे लाल रेघा, कारण एडिटरमागे बसणारा लँग्वेज सर्व्हर प्रोजेक्टच्या कंपायलरच्या आवृत्तीशी जुळावा लागतो. त्याचा जुळत नव्हता. कोड चार ओळींचा, आणि चारही ओळी बरोबर होत्या.

सगळं झाडून काढलं. जीएचसीअप ठेवलं, त्याची यादी उघडली आणि जिच्यापुढे "रेकमेंडेड" लिहिलंय ती आवृत्ती घेतली. सगळ्यांत नवी नाही घेतली. हा मुद्दा त्याला पटायला वेळ लागला. एकविसाव्या वर्षी सगळ्यांत नवं तेच बरोबर वाटतं. नव्या कंपायलरच्या मागून लायब्रऱ्या आणि लँग्वेज सर्व्हर चालत येतात, धावत नाहीत, हे चार वेळा ठेचकाळल्यावर कळतं.

मग अर्थातच तो प्रश्न: लायब्रऱ्या आणायला आणि प्रोजेक्ट बिल्ड करायला कबाल का स्टॅक?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा त्याला खरंच वजन होतं. त्या काळी कबालने लायब्ररी घेतली की ती सगळ्या मशीनसाठी एकाच ठिकाणी बसायची. आज एका प्रोजेक्टला एक आवृत्ती हवी, उद्या दुसऱ्याला दुसरी, आणि दुसरी बसवताना पहिलीवर उभं असलेलं सगळं कोसळायचं. त्याला लोक सरळ "कबाल हेल" म्हणत. २०१५ साली स्टॅक आलं ते एकमेकांशी पटणाऱ्या आवृत्त्यांचे संच घेऊन. पुढे कबालनेही आपली रीत बदलली. आता प्रत्येक आवृत्ती आपापल्या कप्प्यात राहते, कोणी कोणाला ढकलत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, शिकवणारे सर जे वापरतात ते वापर. फक्त लायब्ररी कधी मशीनभर बसवू नकोस. प्रोजेक्टच्या कबाल फाइलमध्ये नाव लिही आणि बिल्ड कर.

"एवढंच?"

एवढंच. पण हे एवढंच कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाबा खिडकीशी नईदुनिया वाचत होते. वाचत होते म्हणजे पेपर समोर होता. बाबांनी चौतीस वर्षं इथल्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर मुनीमगिरी केली. मराठी ब्राह्मण मारवाडी पेढीवर मुनीम, हे इंदूरला नवल नव्हतं. बाजारात ते रोकड आणि खाता म्हणायचे, घरी किर्द आणि खतावणी. लाल कापडाच्या लांबट वह्या मी लहानपणी पाहिल्यात. आत रेघा नसत, कागदाला घड्या घालून रकाने पाडलेले असत. बाबा घडीवरून बोट फिरवत खाली यायचे आणि बोटाबरोबर बेरीज यायची.

भाच्याचा प्रोजेक्ट यातूनच निघाला. बाबा निवृत्त झाल्यावरही घरखर्चाची वही लिहितात, रोज, दुधापासून. अशा वह्यांची चळत कपाटात आहे. तो त्यातल्या सात-आठ वर्षांच्या नोंदी टाइप करून घेणार आणि प्रोग्रामने खातेवार शिल्लक काढणार. कल्पना ऐकून मला बरं वाटलं. किर्द म्हणजे जे घडलं ते त्याच क्रमाने लिहिलेली यादी. खतावणी, म्हणजे खातेवार मांडणी, त्या यादीतून निघते. किर्दीत खोडाखोड चालत नाही. चूक झाली तर उलटी नोंद करायची. हॅस्केलवाले ज्याला बदल न होणारा डेटा म्हणून डोक्यावर घेतात, ते क्लॉथ मार्केटमध्ये कोणी विशेष मानलं नसतं.

पण या सारखेपणाचा मी उगाच विस्तार करत नाही. हॅस्केलमधली सगळ्यांना घाबरवणारी कल्पना म्हणजे मोनॅड, आणि भाच्याने "मग मोनॅड म्हणजे वहीत काय?" असं विचारलंच. मी त्याला चहा ठेवायला पाठवलं. मोनॅडला रूपक शोधायच्या नादात जगातली बरीच हुशार माणसं वाया गेली आहेत. पन्नास ठिकाणी वापरून झाला की तो आपोआप कळतो, आणि कळल्यावर सांगता येत नाही.

चहा घेऊन आला तर स्क्रीनवर एरर. नेहमीची, नव्या माणसाची: फंक्शनसाठी "शो"चं इन्स्टन्स नाही, म्हणजे ते अक्षरांत कसं दाखवायचं ते ठाऊक नाही, प्रिंट करताना सापडलं. तो प्रिंटच्या ओळीकडे टक लावून बसला होता. ती ओळ निर्दोष होती. वर कुठेतरी दुधाची बेरीज करणाऱ्या फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या होत्या, याने एकच दिली. हॅस्केलला त्यात वावगं वाटत नाही. अर्धं भरलेलं फंक्शन हीही एक वस्तूच. ती वस्तू हातोहात खाली आली आणि छापायची वेळ आली तेव्हा कंपायलर म्हणाला, बाबा रे, फंक्शन छापता येत नाही. ही एरर दिसली की छापणारी ओळ बघायचीच नाही. कुठे एक आर्ग्युमेंट विसरलोय ते शोधायचं. ही टीप मला मिळाली तेव्हा माझे दोन दिवस आधीच गेले होते.

यामागचं कारण कळलं की राग जातो. हिंडली आणि मिल्नर या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी जी पद्धत आहे (मिल्नर यांचा निबंध १९७८चा), तिच्यात तुम्ही टाइप (कुठली वस्तू कुठल्या प्रकारची ते) लिहिले नाहीत तरी कंपायलर ते ओळखत जातो. इथे याने बेरीज केली म्हणजे हा आकडा असणार, तिथे याने यादी दिली म्हणजे ती यादी असणार. पुरावे गोळा करत तो पुढे जातो आणि दोन पुरावे एकमेकांशी भांडले की थांबतो. थांबला तिथे भांडण लागलेलं असतं. चूक तिथेच झाली असेल असं नाही.

"तेरीज," बाबा पेपरामागून म्हणाले.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. तेरीज म्हणजे खतावणीतल्या सगळ्या शिलकांचा जमा-नावे ताळा.

"तेरीज जुळली नाही की फरक शेवटच्या पानावर दिसतो. म्हणून चूक शेवटच्या पानावर असते का?"

आणि मग पेपर खाली आला. पुढची वीस मिनिटं त्यांनी जे सांगितलं ते चौतीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. फरक आला की आधी त्याला नवाने भागून बघायचं. पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे लिहिलेत, ६३ चे ३६. फरक सत्तावीस, नवाच्या पाढ्यातला. नाही गेला तर फरकाचं निम्मं करायचं आणि तेवढ्याच रकमेची नोंद शोधायची; ती जमेची नावे पडलेली असते किंवा नावेची जमा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक पानाखाली त्या पानाची बेरीज लिहायचीच. आळस करायचा नाही. मग चूक एका पानात कोंडली जाते, वहीभर हिंडत नाही.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टाइप सिग्नेचर. काय घेतं, काय देतं ते प्रत्येक फंक्शनवर लिही. कंपायलरला गरज नसली तरी लिही."

त्याने लिहिली. एरर प्रिंटच्या ओळीवरून उठून दुधाच्या बेरजेत जाऊन बसली, जिथे ती व्हायला हवी होती.

मधल्या दोन-तीन गोष्टी भरभर सांगते, कारण त्या त्याने भरभर केल्या. रकमा डबलमध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांत होत्या, त्या पैशांत, पूर्णांकात आणल्या. ०.१ आणि ०.२ मिळवून ०.३ च्या पुढे शेपूट येतं ते बाबांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. "हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ" ही त्यांची पेढीवरची म्हण. कोपऱ्यात दुसरी खिडकी उघडून तिथे जीएचसीआयडी चालू ठेवलं. फाइल सेव्ह केली की क्षणात एरर दिसते. एडिटरचा सगळा थाट बिघडला तरी हे छोटं अवजार चालत राहतं. ते नील मिचेल यांचं. फंक्शनचं नाव नव्हे तर आकार देऊन शोधायचं हूगलही त्यांचंच. "यादी आणि एक हो-नाही सांगणारं फंक्शन घेऊन यादी देणारं काय आहे?" असं टाइपच्या भाषेत लिहिलं की फिल्टर समोर येतं. ज्या भाषेत निम्मी कामं डॉलर, टिंब आणि बाणांनी होतात, तिथे नेहमीच्या शोधयंत्राला काय विचारणार?

देवनागरीवर मात्र अर्धा तास गेला. त्याने "पोहे" प्रिंट केलं आणि स्क्रीनवर आलं उलट्या तिरक्या रेघांसकट २३४६, २३७९, २३६१, २३७५. त्याला वाटलं फाइल बिघडली. बिघडली नव्हती. प्रिंट हे शो करून दाखवतं, आणि शो इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक खुणेचा युनिकोड क्रमांक लिहितं. पुट-स्ट्रिंग-लाइन वापरलं की पोहे पोह्यांसारखे दिसतात. लांबी विचारली तर चार सांगतो, कारण ओकार आणि एकार तो वेगळे मोजतो. उलटं करायला सांगितलं तर मात्रा अक्षराच्या आधी येऊन लटकते. कॉलेजच्या मशीनवर तर प्रोग्राम छापतानाच मेला होता; तिथे लोकेल, म्हणजे भाषा-लिपीचं सेटिंग, यूटीएफ-८ नव्हतं. ते लावलं, शिवाय प्रोग्रामच्या सुरुवातीला आउटपुटचं एन्कोडिंग हाताने ठरवून दिलं. ही अडचण कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात नसते, कारण तिथे "हॅलो वर्ल्ड" असतं.

आणि आळस. हॅस्केल आळशी भाषा आहे, गरज पडेपर्यंत काही मोजत नाही. भाच्याने गंमत म्हणून एक कोटी खोट्या नोंदी तयार करून जीएचसीआयमध्ये (लिहिलेली ओळ लगेच चालवून दाखवणाऱ्या खिडकीत) फोल्ड-एलने, म्हणजे यादीतला एकेक आकडा मिळवत जाणाऱ्या फंक्शनने, बेरीज केली. पंखा घोंघावायला लागला, मेमरी फुगली. कारण प्रत्येक पायरीला तो बेरीज करत नव्हता, "नंतर करायची बेरीज" अशी चिठ्ठी चिकटवत होता. एक कोटी चिठ्ठ्या. उपाय म्हणजे प्राइमची खूण असलेला फोल्ड-एल. पूर्वी तो वेगळा आणावा लागे, २०२४च्या ९.१० आवृत्तीपासून जीएचसी तो मुळातच हाताशी ठेवतं. तो लावला तरी फुगलं! जमा आणि नावे त्याने एका जोडीत ठेवल्या होत्या, आणि प्राइमवाला फक्त जोडी उघडतो, जोडीच्या आत डोकावत नाही. जोडीऐवजी आपला रेकॉर्ड केला, फील्डच्या टाइपपुढे उद्गारचिन्ह दिलं, तेव्हा पंखा शांत झाला.

"रोजची शिल्लक रोज काढावी," बाबा म्हणाले. आता ते खुर्ची ओढून टेबलाशीच आले होते.

दुपारी वर्षअखेरचं फंक्शन राहिलं होतं. प्रत्येक खात्याची शिल्लक बघून नव्या वर्षाच्या पहिल्या नोंदी तयार करायच्या. भाचा कीबोर्डवर हात ठेवून बसला. सुचत नव्हतं. मी म्हटलं, जिथे सुचत नाही तिथे एक अधोरेखा टाक आणि सेव्ह कर.

"एरर येईल ना."

येऊ दे.

आली. पण ही एरर वेगळी असते. कंपायलर सांगतो, इथे एक भोक सापडलं. या भोकात अमुक आकाराची वस्तू बसेल. इथून तुझ्या हाताला लागतील अशा गोष्टी या. आणि जमलं तर, यातल्या या-या बसतील. टाइप्ड होल म्हणतात. अग्डा नावाच्या भाषेत लोक आधीपासून असेच प्रोग्राम लिहीत, भोकं पाडत आणि बुजवत. जीएचसीत हे २०१४ साली, ७.८ आवृत्तीत आलं. मला विचाराल तर या भाषेतलं सगळ्यांत उपयोगी अवजार हेच. आपल्याला जे माहीत नाही त्याची नेमकी कड दिसते.

बाबा चष्मा सावरून बघत होते. मी त्यांना समजावलं, इथे काय लिहायचं ते ठाऊक नाही, पण बाकीचं सगळं ठाऊक आहे, म्हणून जागा मोकळी ठेवली.

"म्हणजे उचंत खातं," ते म्हणाले.

पेढीवर कोणाचे पैसे आले आणि कशापोटी आले ते कळलं नाही, तर ते पैसे गल्ल्यात पडतात पण कुठल्याच खात्यात बसत नाहीत. मग उचंतला टाकायचे. किर्द खोटी होत नाही, तेरीज अडत नाही. पुढे पत्र आलं, माणूस आला की उचंतमधून काढून त्याच्या खात्यात.

भाचा एकदम म्हणाला, "आजोबा, तुमच्या वहीत आहे हा शब्द. मी 'इतर'मध्ये टाकला."

त्याने दाखवलं. किराणा, दूध, वीज, औषधं, प्रवास अशी खाती त्याने एका टाइपमध्ये नीट लिहिली होती, आणि नोंद वाचणाऱ्या फंक्शनच्या शेवटी एक अधोरेखा: बाकी काहीही असो, "इतर".

बाबांचा आवाज चढला नाही, पण पेढीवरचा झाला. "इतर आणि उचंत एक नव्हे. इतर म्हणजे माहीत आहे, पण वेगळं मांडायचा कंटाळा केला. उचंत म्हणजे माहीत नाही."

अकरा वर्षं मी या दोन अधोरेखा टाइप करतेय. डावीकडे, पॅटर्नमध्ये ("असं आलं तर" या बाजूला) लिहिली की तिचा अर्थ काहीही असू दे, मला फिकीर नाही. उजवीकडे लिहिली की अर्थ मला माहीत नाही, सांगा. खूण तीच. कोणाला हा फरक सांगायची वेळ आली तर मी लांबलचक सांगते. बाबांनी दोन वाक्यांत संपवला.

मग भाच्याने खात्यांच्या टाइपमध्ये उचंत वाढवलं. नोंद वाचणाऱ्या फंक्शनमध्ये तो शब्द ओळखणारी ओळ घातली. त्याच सवयीने पुढेही ठिकठिकाणी शेवटी अधोरेखा टाकल्या होत्या, त्या मी त्याला काढायला लावल्या आणि सगळे इशारे चालू केले, अपुऱ्या पॅटर्नचा इशारा तर थेट एरर करून टाकला. त्या अधोरेखा असत्या तर कंपायलर गप्प बसला असता. त्याच्या दृष्टीने सगळं "काहीही असो"त आलं असतं. त्या गेल्या आणि त्याने चार जागा दाखवल्या: इथे उचंतचं काय करायचं ते तू सांगितलं नाहीस, इथेही नाही, इथेही नाही. नाव छापणं, यादीतला क्रम, महिन्याचा गोषवारा. या तीन पटकन झाल्या. चौथी वर्षअखेरची.

किराणा-दूध यांची शिल्लक वर्षअखेरीला खर्चात जमा होऊन शून्य होते. उचंतचं काय करायचं?

भाच्याने आधी वही चाळली. उचंतमध्ये एकच रक्कम होती, अकराशे पन्नास. दर एक एप्रिलला पहिल्या ओळीत तीच, त्याच अक्षरात. सर्वांत जुनी नोंद आई गेली त्या वर्षाची. आईच्या पर्समधला तिचा हिशेब आणि प्रत्यक्ष पैसे यांत तेवढा फरक निघाला होता. तिने कोणाला तरी दिले असणार. देताना सांगायची तिची सवय नव्हती. कामवालीला, भिशीतल्या कोणाला, देवळात, आम्हाला कधी कळलं नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, बाबा, घरखर्चात टाका ना. त्यांनी टाकले नव्हते, आणि मी ते विसरूनही गेले होते.

"आजोबा, वर्षअखेरीला हे शून्य करू?"

"नाही."

"मग?"

"पुढे ओढ."

त्याने उचंतसाठी वेगळी ओळ लिहिली, आहे ती शिल्लक तशीच नव्या वर्षात. सेव्ह केलं. कोपऱ्यातल्या खिडकीत "ऑल गुड" आलं. बाबांनी त्याच्या खांद्यावरून वाकून स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, यंदाचं पहिलं पान काढ, आकडा बरोबर उतरलाय का बघू.

उतरला होता.